म्हातारपणी दुखणे लवकर का हटत नाही?



शाळेच्या मैदानावर रोज कोणी ना कोणी पडते. गुडघा फुटतो, रक्त येते, मूल दोन मिनिटे रडते आणि पुन्हा खेळायला पळते. चौथ्या दिवशी जखमेवर खपली धरलेली असते आणि आठ-दहा दिवसांत ती गळूनही पडते. शिक्षकाच्या डोळ्यांसमोर हे वर्षभर चाललेले असते. आता त्याच मुलाची आजी उंबऱ्याला ठेचकाळून पडली आणि तिच्या नडगीला तेवढीच जखम झाली असे समजा. ती जखम महिना महिना ओली राहते. आजी आणि नातू एकाच घरात राहतात, एकाच चुलीवरचे खातात. मग एकाची जखम आठवड्यात भरावी आणि दुसरीची महिन्यातही भरू नये, असे का?

हा प्रश्न आपल्या घरांतून विचारला जातो, पण त्याला मिळणारी उत्तरे ऐकली म्हणजे वाईट वाटते. शेजारची बाई सांगते, "बाहेरचे काहीतरी असेल, कुणाला तरी दाखवा." घरातला तरुण मुलगा वैतागून म्हणतो, "काम नको म्हणून कण्हत पडते." पहिल्या उत्तराबद्दल फार लिहायला नको. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांच्या उंबऱ्याच्या आत अंगारा आणि उतारा यायला जागा नाही. दुसऱ्या उत्तराबद्दल मात्र लिहायलाच हवे. ज्या बाईने चाळीस वर्षे दुसऱ्याच्या शेतात वाकून खुरपणी केली, तिच्यावर कामचुकारपणाचा आरोप करण्यापूर्वी शरीर स्वतःला कसे दुरुस्त करते हे आपण समजून घेतले पाहिजे.

जखम झाली की आत काय घडते? रक्त बाहेर येते आणि गोठते. हा झाला पहिला बांध. मग जखमेच्या कडा लाल होतात, सुजतात, गरम लागतात. आपल्याला वाटते जखम बिघडली. पण सुरुवातीची ही सूज म्हणजे बिघाड नव्हे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात, शिरलेले जंतू मारतात आणि मेलेला भाग खाऊन जागा साफ करतात. जागा साफ झाल्यावर दुसऱ्या प्रकारच्या पेशी येतात आणि धाग्यासारखे एक प्रथिन विणू लागतात. बाजेला सुंभ विणावा तसे हे विणकाम असते. त्यातून बारीक बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटतात. शेवटी जखमेच्या कडेची कातडी हळूहळू आत सरकत येते आणि तोंड मिटते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते काम संपले. आत मात्र विणलेले धागे घट्ट करण्याचे काम पुढे कित्येक महिने चालू असते. इतके करूनही मोठ्या व्रणाची कातडी मूळ कातडीइतकी मजबूत कधीच होत नाही, फार तर तिच्या चार-पंचमांशापर्यंत पोचते.

वय वाढले म्हणजे यांतली प्रत्येक पायरी थोडी थोडी लांबते. पांढऱ्या पेशी उशिरा गोळा होतात आणि आल्या म्हणजे लवकर जात नाहीत, म्हणून सूज रेंगाळते. धागे विणणाऱ्या पेशी संथ होतात. नव्या रक्तवाहिन्या कमी फुटतात. शिवाय म्हातारपणी कातडीच पातळ झालेली असते. तिचे वरचे आणि खालचे पदर तरुणपणी एकमेकांत घट्ट रुतलेले असतात, ते आता सैल झालेले असतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या हाताला नुसती बाजेची कड घासली तरी कातडी सोलून निघते. चिकटपट्टी ओढून काढताना हे ध्यानात ठेवा. ती पाण्याने भिजवून मगच सोडवावी.

हे सगळे केवळ अंदाजाने सांगितलेले नाही, कोणी तरी बसून मोजलेले आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील काँपिएञ्य येथे जखमी सैनिकांसाठी एक रुग्णालय चालवले जात होते. तेथे अलेक्सी कारेल या शस्त्रवैद्याबरोबर लकाँत द्यु नुई नावाचे एक शास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांनी काय केले? जखमी सैनिकांच्या जखमांचे आकार ठरावीक दिवसांनी कागदावर उतरवून घेतले, त्यांचे क्षेत्रफळ मोजले आणि जखम किती वेगाने आक्रसते याचे गणित मांडले. जखमेचा आकार आणि माणसाचे वय या दोन गोष्टी कळल्या की ती कधी भरेल हे आधी सांगता येते, असे त्यांना आढळले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे जी जखम विशीतल्या तरुणाची सुमारे महिन्याभरात भरेल, तीच साठीच्या माणसाची भरायला तीन महिन्यांहून अधिक दिवस घेईल. आजचे उपचार त्या काळापेक्षा पुष्कळ सुधारले आहेत, तेव्हा हे आकडे आपल्या घरातल्या जखमेला तसेच लावू नयेत. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. उशीर लागणे हा शरीराचा नियम आहे. त्यात माणसाच्या स्वभावाचा काही संबंध नाही आणि शेजारणीच्या नजरेचाही नाही.

येथे कोणी म्हणेल, "म्हणजे वय झाले की संपलेच. मग दवाखान्याचा खर्च कशाला?" हे उत्तर सर्वांत घातक, कारण ते शहाणपणाचे वाटते. म्हातारे शरीर दुरुस्ती करणे सोडून देते, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. दुरुस्ती करणाऱ्या पेशी म्हातारपणीही बऱ्याच शिल्लक असतात. त्यांना कामाला लावणारे इशारे मात्र क्षीण झालेले असतात. २००५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एक म्हातारा आणि एक तरुण उंदीर त्यांनी असे जोडले की दोघांचे रक्त एकमेकांच्या अंगात फिरावे. मग म्हाताऱ्या उंदराच्या स्नायूला इजा केली. एरवी त्याचा स्नायू नीट भरून आला नसता, तो आता पुष्कळ चांगला भरून आला. म्हणजे कारागीर त्याच्या अंगात होते, त्यांना हाक पोचत नव्हती. याचा अर्थ म्हाताऱ्यांना तरुणांचे रक्त चढवावे असा मुळीच नाही. तसले दावे करून पैसे उकळणारे लोक निघाले आहेत, त्यांच्या नादी लागू नये. आपल्यासाठी त्यातली उपयोगाची गोष्ट एवढीच की म्हाताऱ्या शरीराला कामाला लावता येते. आणि त्यासाठी काही साधी साधने प्रत्येक घरात आहेत.

आता जखमेवरून थोडे पुढे जाऊ. कारण खरी फसगत पुढेच होते. मनगटाचे हाड मोडले तर प्लास्टर साधारण सहा आठवड्यांनी निघते, मग माणूस चाळिशीचा असो की सत्तरीचा. डॉक्टर चित्र पाहून सांगतात, हाड जुळले. घरी आल्यावर चाळिशीचा माणूस महिन्या-दोन महिन्यांत बादली उचलू लागतो. सत्तरीच्या आजीच्या हातातून मात्र तांब्या निसटतो. घरातली माणसे म्हणतात, "डॉक्टरांनी बरे झाले सांगितले, आता काय होते हिला?" आपण 'बरे होणे' हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो. हाड जुळणे किंवा जखम भरणे ही एक गोष्ट. अंगात पूर्वीची ताकद परत येणे ही दुसरी. पहिलीनंतर दुसरीला कितीतरी अधिक दिवस लागतात, आणि वयाबरोबर हे अंतर वाढत जाते. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुनियाची साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. ताप सर्वांचाच काही दिवसांत उतरला. तरुण माणसे बहुधा लवकर कामाला लागली. पण वयस्कर माणसे महिनोन् महिने सकाळी भिंत धरून उठत होती. ताप गेला होता, दुखणे गेले नव्हते.

ताकद राहते कोठे? स्नायूंत. तिशी उलटली की माणसाच्या अंगातले स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात, साधारणपणे दर दहा वर्षांना शेकडा तीन ते आठ या प्रमाणात, आणि साठीनंतर ही घट वाढते. रोजच्या कामात ती जाणवत नाही. हे गाठीला बांधलेल्या पैशांसारखे आहे. थोडे थोडे कमी होत असतात, पण अडचण येईपर्यंत मोजायला कोण बसतो? आजारपण हीच ती अडचण. आजारात शरीर स्वतःचे स्नायू मोडून त्यांतले प्रथिन दुरुस्तीसाठी वापरते. तरुणाची शिल्लक मोठी असते, त्याला ते परवडते. आजीची शिल्लक आधीच थोडी, त्यात ही काढघाल.

आणि येथेच आपण प्रेमापोटी मोठा घात करतो. "आई, तू उठू नकोस, पडून राहा." सून जागेवर जेवण देते, नातू पाणी देतो, सगळे समजतात की सेवा चालली आहे. २००७ साली अमेरिकेतून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना कोणताही आजार नव्हता अशा सरासरी सदुसष्ट वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस केवळ अंथरुणात ठेवले. दहा दिवसांत त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो मांस झडले. ही निरोगी, पोटभर जेवणारी माणसे होती. मग न्यूमोनियातून उठलेल्या, चार घास खाणाऱ्या, तीन आठवडे बाजेवर असलेल्या आजोबांच्या पायांचे काय होत असेल याचा विचार करा. ते उठायला जातात आणि कोसळतात. आपण म्हणतो, आजाराने पाय गेले. पुष्कळदा ते आजाराने गेलेले नसतात, बाजेने नेलेले असतात. शिवाय सतत पाठीवर पडून राहिल्याने माकडहाडापाशी कातडी सडते, छातीत कफ साचतो, पायांत रक्ताच्या गाठी होतात. म्हणूनच खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या म्हाताऱ्या माणसाला आजकाल डॉक्टर दुसऱ्याच दिवशी आधार देऊन उभे करतात. नातेवाईक चिडतात, "काल कापले आणि आज उभे करता?" चिडू नका. ते योग्य तेच करीत असतात. खुबा मोडला असता "या वयात कशाला चिरफाड" म्हणून आजीला घरी परत आणणे, ही मात्र तिला बाजेच्या हवाली करण्याची गोष्ट आहे. प्रकृतीला झेपत असेल तर ही शस्त्रक्रिया जितकी लवकर, शक्यतो पहिल्या दोन दिवसांत, तितके चांगले.

गेलेले स्नायू परत येतात का? येतात. १९९० साली बोस्टन येथील एका वृद्धाश्रमात दहा अशक्त माणसांवर एक प्रयोग झाला. त्यांचे सरासरी वय नव्वद होते आणि सर्वांत मोठी व्यक्ती शहाण्णव वर्षांची होती. त्यांच्याकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक झाली, आणि मांड्यांचे स्नायूही वाढले. नव्वदीत! आपण तर साठीतच माणसाला कोपऱ्यात बसवतो.

घरी वजने नकोत, यंत्रे नकोत. खुर्ची असेल तर खुर्चीवर, नसेल तर ओट्याच्या कडेवर आजीला बसवा. समोर एकाने उभे राहावे. शक्यतो हात न टेकता तिने उभे राहायचे आणि सावकाश खाली बसायचे. पहिल्या दिवशी दोनदा जमले तरी पुरे. मग पाच वेळा, मग दहा, दिवसातून दोन-तीन खेपा. शौचाला जाताना आधार देऊन चालवावे, भांडे अंथरुणापाशी आणण्याची सवय लावू नये. अंगण असेल तर अंगणापर्यंत आणि पुढच्या आठवड्यात बोळाच्या तोंडापर्यंत. हृदयाचा किंवा दम्याचा आजार असेल, ताजी शस्त्रक्रिया झाली असेल, तर किती चालवायचे ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. थोडे दुखेल, थोडी धाप लागेल, त्याला भिऊ नये. छातीत कळ आली किंवा भोवळ आली तर मात्र थांबावे.

आता अन्नाकडे वळू. भगिनींनो, हा भाग विशेषतः तुमच्यासाठी आहे, आणि खरे सांगायचे तर तुमच्या घरातल्या पुरुषांसाठी अधिक आहे. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते. आजी तर त्याहून शेवटी. सर्वांची ताटे झाल्यावर टोपाच्या तळाशी जो रस्सा राहिला तो आणि अर्धी भाकरी. मटणाचे तुकडे कर्त्या पुरुषाला आणि मुलांना, म्हातारीला "दात नाहीत" म्हणून नुसते पाणी. आजारी पडली की तिला पेज. पेज पहिले एक-दोन दिवस ठीक आहे, पण तीवर पंधरा दिवस काढले तर जखम कशाने भरेल? पेशी जे धागे विणतात ते प्रथिनाचे, स्नायू प्रथिनाचे, पांढऱ्या पेशीही त्यानेच बनतात. आणि गंमत अशी की म्हाताऱ्या शरीराला तेवढ्याच अन्नातून स्नायू बनवणे जड जाते, म्हणून त्याला प्रथिन तरुणापेक्षा कमी नव्हे तर थोडे अधिक लागते. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅम असे आजचे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे पन्नास किलोच्या आजीला पन्नास ते साठ ग्रॅम. आजारपणात आणखी थोडे.

हे कसे साधायचे? एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिन असते. मूठभर शेंगदाण्यांत सात. पावशेर दुधात आठ. ज्वारीच्या एका भाकरीत पाच-सहा. घट्ट वरणाच्या वाटीत तेवढेच, पण वरण घट्ट हवे. पाण्यात डाळ शोधावी लागत असेल तर हिशेबात धरू नये. सुक्या बोंबलाच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग प्रथिनच असतो. आपल्या थाळीतल्या सुकटीला नाके मुरडणाऱ्यांना हे ठाऊक नसते. मात्र सुक्या मासळीत मीठ फार असते. रक्तदाब असेल तर ती भिजवून, दोन पाण्यांनी धुऊन, बेताने द्यावी. दात नसतील तर मटण मऊ शिजवून बारीक करावे, भाकरी घट्ट वरणात कुस्करावी, दाण्याचे कूट घालावे, अंडे उकडून कालवावे. हे सगळे एकाच वेळी म्हातारीच्या पोटात मावणार नाही, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. त्याबरोबर पेरू, आवळा किंवा लिंबू यांपैकी काहीतरी असावे. जखमेचे धागे विणताना त्यांतले क जीवनसत्त्व लागते. पाणी मागितले नाही तरी द्यावे, कारण वयाबरोबर तहान लागण्याची जाणीवच कमी होते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाने मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आणि ती मिश्रीची डबी. आज्यांना राग येईल, पण लिहितो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूतल्या विषाने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेपर्यंत रक्त नीट पोचत नाही. बिडीचे तर बोलायलाच नको. निदान जखम भरेपर्यंत तरी डबी आणि बंडल दूर ठेवावे.

मधुमेह असेल तर ही सगळी गाडी आणखी मंद चालते. रक्तातील साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत आणि पायांतल्या नसा बधिर होतात. काटा रुतला तरी कळत नाही. अशा माणसाने अनवाणी फिरू नये. रोज रात्री घरातल्या एखाद्या मुलाने आजोबांचे तळपाय दिव्याखाली नीट पाहावेत, बोटांच्या बेचक्याही पाहाव्यात. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या, हे आपण सर्व जाणतो. त्या अवस्थेत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे लेखन १९५६ साली पुरे केले. कधी कधी हे उदाहरण घरातल्या आजारी माणसाला चाबकासारखे वापरले जाते, "बाबासाहेब आजारपणात काम करीत होते आणि तुम्ही झोपून राहता!" असे करू नये. बाबासाहेब पासष्टाव्या वर्षी गेले, हेही त्याच गोष्टीत आहे.

खुद्द तथागतांचे काय? पावा येथे मल्लांनी नवे सभागृह बांधले होते. तेथे तथागतांनी रात्री उशिरापर्यंत उपदेश केला. मग पाठ दुखत आहे असे त्यांनी सरळ सांगितले, पुढचे प्रवचन सारिपुत्तावर सोपवले आणि ते आडवे झाले. दीघनिकायातील संगीति सुत्तात हा प्रसंग आला आहे. त्याच निकायातील महापरिनिब्बान सुत्तात ऐंशी वर्षांच्या आपल्या देहाला ते डागडुजी करून, बांधून-बांधून चालवलेल्या जुन्या गाडीची उपमा देतात. आपल्या पाठीला कळ आली हे सांगायला ज्यांना लाज वाटली नाही त्यांचे आपण अनुयायी. मग आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाला "मला अजून जमत नाही" हे सांगायची चोरी का वाटावी?

चोरी वाटते, कारण रोज बुडतो. हे मला ठाऊक आहे आणि त्यावर शब्दांची मलमपट्टी करता येणार नाही. पंचावन्न वर्षांचा बिगारी माणूस पायाला टाके पडल्यावर आठव्या दिवशी पाटी डोक्यावर घेतो, ते हौसेने नव्हे. पण हिशेब पुरा मांडू या. पायावर सूज असतानाच तो कामावर गेला, टाके उसवले, पू झाला, तर आणखी महिनाभर तो घरी बसतो. वर इंजेक्शनांचा खर्च. त्यापेक्षा आधीच दहा दिवस अधिक धरले असते तर स्वस्त पडले असते. म्हणून कोणी आजारी पडले की घरातल्या सर्वांनी पहिल्याच आठवड्यात बसून ठरवावे की हा माणूस पुरा महिना कामावर जाणार नाही, तेवढ्या दिवसांचा खर्च कोण कसा ओढेल, आणि परत जाताना पहिले काही दिवस हलके काम कसे मागता येईल. वय पन्नासच्या पुढे असेल तर तरुणाला लागतील त्याच्या दीडपट-दुप्पट दिवस धरून चालावे. हा माझा ढोबळ ठोकताळा आहे, शास्त्राचा नियम नव्हे. पण त्याने घरात भांडणे कमी होतात.

एक गोष्ट राहिली, आणि ती न सांगता लेख संपवता येणार नाही. म्हातारे माणूस आजारात किंवा शस्त्रक्रियेनंतर एकाएकी असंबद्ध बोलू लागते. मेलेल्या भावाला हाक मारते, घरच्यांना ओळखत नाही, संध्याकाळ झाली की अधिकच बडबडते, सकाळी पुन्हा बरे असते. वस्तीत लगेच कुजबुज सुरू होते की म्हातारीला लागीर झाले. नव्याने धम्म स्वीकारलेली माणसेदेखील अशा वेळी डगमगतात, जुनी भीती अंगातून एका दिवसात जात नाही. पण हे लागीर नव्हे. जंतूंचा संसर्ग, लघवीचा दाह, अंगातले पाणी कमी होणे, एखाद्या औषधाचा परिणाम, यांमुळे म्हाताऱ्या मेंदूचा असा गोंधळ उडतो. कारण सापडून उपचार झाला की पुष्कळांचे मन ताळ्यावर येते, मात्र त्यालाही कधी कधी काही आठवडे लागतात. कित्येकदा आत न्यूमोनिया असतो आणि बाहेर ही बडबड हे एकच लक्षण दिसते, कारण म्हातारपणी मोठा संसर्ग असूनही ताप फारसा चढत नाही. तेव्हा "अंग तर गरम नाही" म्हणून थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तोवर तिच्याजवळ ओळखीचे माणूस बसवा, खोलीत उजेड ठेवा, चष्मा असेल तर डोळ्यांवर चढवा, कोठे आहोत आणि आज कोणता वार आहे ते शांतपणे सांगत राहा.

दवाखान्याकडे धाव घ्यायची आणखी काही कारणे ध्यानात असू द्या. जखमेभोवतीची लाली रोज पसरत चालली, वास येऊ लागला, कडा काळ्या पडल्या. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली. दोन दिवसांत काहीच खाल्ले-प्यायले नाही, किंवा दिवसभरात लघवीच झाली नाही. दोन-तीन आठवडे नीट मलमपट्टी करूनही जखम आकाराने लहान होत नाही. हे शेवटचे कळण्यासाठी द्यु नुईंसारखे गणित करायची गरज नाही. स्वच्छ प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा जखमेच्या वर, तिला न टेकवता धरा, तिची कड पेनाने काढून घ्या आणि तारीख लिहून ठेवा. आठ दिवसांनी तसाच दुसरा काढा आणि दोन्ही तुकडे बरोबर घेऊन जा. शाळेत जाणारे कोणतेही मूल हे काम करील.